प्लास्टरवरच्या तीन तारखा

मामांच्या जिभेचं टोक कायम जांभळं असायचं. जांभळांचा हंगाम असो नसो. नवीन आलेले शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवशी दचकायचे. एकीने तर त्यांना बाजूला घेऊन, छातीत धडधडतं का, दम लागतो का, असं विचारलं होतं. दम कसला लागतोय! ती कॉपिंग पेन्सिल होती. कोरडी असली की करडी उमटायची, ओली केली की जांभळी, आणि एकदा जांभळी उमटली की पुसता पुसायची नाही. शेजारी पाण्याची बादली भरलेली असायची, पण मामा पेन्सिल जिभेलाच लावायचे. "बादलीतला पाणी प्लास्टराचा. माजा नाय," म्हणायचे.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण माझं डावं मनगट. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले आणि पडताना हात टेकवला, झालं. आता कोपरापर्यंत निळं फायबरचं प्लास्टर आहे. हलकं आहे, सुबक आहे, आणि त्याच्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. कधी काढायचं म्हणून विचारलं तर प्लास्टर घालणारा मुलगा म्हणाला, "ॲपवर येईल ना मॅडम." मरो ते ॲप. या वयात कुणाशी वाद घालायचाही कंटाळा येतो. घरी आले, खुर्चीत बसले, निळ्या हाताकडे बघत राहिले आणि मामा आठवले.

आमचं हॉस्पिटल घाटकोपर आणि मुलुंडच्या मधलं. नाव सांगत नाही. तिथे काम केलेल्यांना न सांगता कळेल आणि बाकीच्यांना कळून करायचंय काय? तिथल्या सगळ्याच चतुर्थ श्रेणीच्या पुरुषांना मामा म्हणायची पद्धत होती, पण नुसतं 'मामा' म्हटलं की प्लास्टर रूमचे मामा. मूळचे मालवणकडचे. बायको गावी, हे भांडुपच्या टेकडीवर चाळीतल्या एका खोलीत. ठेंगणे, काळेसावळे, आणि दंड असे की नेहरूशर्टाची बाही वर चढायची नाही. त्या काळी प्लास्टरच्या पट्ट्या तयार मिळायच्या नाहीत आमच्याकडे. जाळीदार कापडाच्या पट्टीत पांढरी पावडर हाताने घासायची आणि गुंडाळ्या करून ठेवायच्या. त्यामुळे मामा सकाळी काळे यायचे आणि दुपारपर्यंत कोपरापर्यंत गोरे व्हायचे. हा विनोद त्यांचाच, रोज केलेला, आणि आम्ही रोज हसायचो.

प्लास्टर घट्ट झालं की मामा पेन्सिल जिभेला लावायचे आणि त्यावर आधी चित्र काढायचे. कुठलं हाड, कुठे मोडलंय, आडवं की तिरकं. खाली तीन तारखा. हाड मोडलं ती, प्लास्टर घातलं ती आणि प्लास्टर काढायचं ती. ही काही त्यांनी शोधलेली पद्धत नव्हती, पुस्तकातलीच होती. पण बाकीचे घाईत विसरायचे आणि मामा कधीही विसरायचे नाहीत. कुणी म्हटलं की केसपेपरवर आहे की सगळं, तर म्हणायचे, "कागद हरावता. पाय खय हरावतलो?"

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच, आणि घाटकोपरच्या दोन खोल्यांत मिळवती मी एकटी. नोकरीही टेम्पररी. हाडांच्या विभागाचे मोठे सर रिपोर्ट तोंडी सांगायचे आणि ते असे सुसाट की सांगता सोय नाही. मला शॉर्टहँड येत होतं, टायपिंग झकास होतं, पण ते शब्द! मी ते सोडून रिकाम्या जागा ठेवल्या. सरांनी पान डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "हे काय आहे? गाळलेल्या जागा भरा?" सगळ्यांसमोर. मी बाहेर येऊन प्लास्टर रूमच्या दाराशी रडत उभी राहिले.

"रडतंस कित्याक गो?" आतून आवाज आला. मी सांगितलं. मामांनी मला आत बोलावलं आणि एक गुंडाळी बादलीत सोडली. पाण्यात बुडबुड बुडबुड सुरू झालं. "आता हात घालू नको. बुडबुडे थांबले की पट्टी भिजली. त्याच्या आधी उचललीस तर आत कोरडी रवता, प्लास्टर पोकळ होता. सरांचा पण तसाच. बुडबुडे थांबू देत. मगे जा." मी दहा मिनिटं थांबले, मग गेले. सर विसरूनही गेले होते. पुढे हे वाक्य मी माझ्या नवऱ्यावर, सासूवर आणि दोन्ही मुलांवर वापरलं, आणि सांगते, फसलं असं फारसं झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबा खाऊन झाला की मामा मला शिकवायला लागले. पुस्तक नाही, तक्ता नाही. स्वतःचंच शरीर. पांढऱ्या बोटाने दंडावर दाबायचे, "ह्यूमरस." कोपराखाली अंगठ्याच्या बाजूला, "रेडियस." करंगळीच्या बाजूला, "अल्ना." गळ्याखाली "क्लॅव्हिकल", पाठीवर हात वळवून "स्कॅप्युला", गुडघ्याच्या वाटीला "पटेला". जिथे बोट लावलं तिथे पांढरा ठसा. शिकवणी संपेपर्यंत मामांच्या अंगावर माझा सगळा अभ्यास उमटलेला असायचा. मग ते ओल्या फडक्याने अंग पुसायचे आणि विचारायचे, "आता काय दिसत नाय. आता सांग."

लक्षात ठेवायची युक्ती अशी, की प्रत्येक हाडाला एक माणूस. क्लॅव्हिकल म्हणजे सायकलवरून पडलेला. कॅल्केनियम, म्हणजे टाच, तो बांधकामाच्या परांचीवरून खाली आलेला मजूर. पटेला म्हणजे स्कूटरवाला. फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची, मान म्हणजे खाटेवरून उतरताना पडलेली आजी. आणि रेडियसचं खालचं टोक? "ती न्हाणीत घसारलेली म्हातारी. हात टेकवूक गेली, मनगट मोडला." गेल्या महिन्यात एक्स-रे बघितला आणि मला हसूच आलं. डॉक्टरांना वाटलं, बाईंना फार दुखतंय, म्हणून असं होतंय.

मामा सातवी नापास. इंग्रजी पेपरातली एक ओळ त्यांना वाचता यायची नाही. बसची पाटीसुद्धा ते मराठी आकड्यावरून ओळखायचे. पण एक्स-रेच्या फॉर्मवरची हाडांची आणि स्नायूंची इंग्रजी नावं त्यांनी वर्षानुवर्षं बघून बघून चित्रासारखी पाठ केली होती. माझा रिपोर्ट हातात घेतला की त्यांची नजर साध्या शब्दांवरून घसरत जायची आणि 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' दिसलं की तिथे थांबायची. "हो हयसर आसा," म्हणून मानेच्या स्नायूवर बोट ठेवायचे. तेवढेच त्यांचे ओळखीचे शब्द, आणि त्यात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं.

पेशंटपुढे मात्र यातला एकही शब्द काढायचे नाहीत. तिथे नडगी, खुबा, मणका, माकडहाड. "टिबिया म्हटला की माणूस घाबारता. त्याका वाटता काय तरी नवीनच झाला. नडगी म्हण, त्याच्याच आजीची नडगी पण मोडलेली असता, धीर येता." आणि डॉक्टरांपुढे चुकून नडगी म्हणायचे नाहीत. तिथे शुद्ध भाषा आणि टिबिया. मी म्हटलं, मामा, हे काय दोन दोन तोंडांनी बोलणं? तर म्हणाले, "गो घाटणी, दरवाजो दोन्ही बाजूंनी उघडूक नको?" माझे वडील नगरकडचे, म्हणून मी घाटणी. मी त्यांना बांगडेखाऊ म्हणायची. असं चालायचं.

एक बाई आठवते. कांजूरची होती. मोडलेल्या हाताचं प्लास्टर काढायला आली आणि दारातच अडली. "मामा, अजून दोन आठवडे राहू द्या ना. पाया पडते." मामांनी प्लास्टरवरची तारीख दाखवली. ती हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून एवढे दिवस कुणी मला धुण्याला बसवलं नाही असं पहिल्यांदाच झालंय हो." मी तर म्हणणार होते, लिहा ना मामा पुढची तारीख, कोण बघतंय. पण मामा कात्री घेऊन कापायलाही लागले. "तारीख हाडाची असता, बाय. माजी नाय." प्लास्टर निघालं. मग त्यांनी एक तिकोनी फडकं घेतलं, तिचा हात झोळीत घालून गळ्यात बांधला आणि म्हणाले, "ही झोळी आनी पंदरा दिवस. वजन उचलूचा नाय, धुणा-भांडी नाय. घरी सांग, हॉस्पिटलातल्या मामान सांगल्यान." झोळीत खोटं काहीच नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर हाताला विसावा लागतोच. फक्त तो तिला कुणी दिला नसता.

दमायचो हो आम्ही. आज लोक म्हणतात, तुमच्या वेळी कामाचा ताण नव्हता. या म्हणावं गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. दहीहंडीला थर लावून कोसळलेले गोविंदा भांडुप-विक्रोळीपासून रांग लावून बसलेले असायचे. कुणाचं मनगट, कुणाचा खांदा, आणि चेहऱ्यावर अजून गुलाल. अशाच एका दिवशी मी प्लास्टर रूममध्ये नावं लिहून घ्यायला बसले होते. मामांनी बादलीतून गुंडाळी उचलली आणि ती त्यांच्या उजव्या हातातून सुटून थपकन खाली पडली. माझ्या साडीवर पांढरे शिंतोडे. इतकी वर्षं कधी न घडलेली गोष्ट, म्हणून मी मोठ्याने हसले. "काय मामा, तुम्हीपण हंडी फोडून आलात की काय?" रांगेतले गोविंदाही हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी हाताकडे एकदा बघितलं आणि दुसरी गुंडाळी बादलीत सोडली.

त्यानंतरच्या गोष्टी मी बघत होते, पण बघूनही मला काही कळलं नाही. माणूस रोजचा असला की असंच होतं. मामा चहाचा कप डाव्या हातात धरायला लागले. मला हाक मारायचे, "चष्मो इसारलंय गो, जरा तारखा घाल." मी लिहायची. तीन तारखा, माझ्या अक्षरात. चित्रंसुद्धा बंद झाली. जिभेचं जांभळं टोक फिकं होत गेलं. मी आपली समजले, वय झालं. रिटायर व्हायला त्यांना अडीच वर्षं होती आणि ती प्लास्टर रूममध्येच काढायची, एवढी एकच इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली होती. "हयसूनच जातलंय. दुसरा माका काय येता?"

ओल्या प्लास्टरला बोटं लावायची नाहीत, हा त्या खोलीतला पहिला नियम. ओला हात-पाय तळव्यावर तोलायचा, तळव्यानेच आकार द्यायचा. बोटाने दाबलं की आतल्या बाजूला खळगा पडतो, तो सुकून दगड होतो आणि कातडीत रुततो. शिकाऊ डॉक्टरांना मामा यावरून हातावर फटका मारायचे. "बोटान नाय, तळव्यान!" मग एक दिवस भांडुपची सात वर्षांची एक मुलगी आली. हात दुखतो म्हणून चार रात्री झोपली नव्हती. मोठ्या सरांनी प्लास्टर कापायला लावलं. आत चार आण्याएवढी जखम, चिघळलेली. कापलेल्या प्लास्टरच्या आतून सरांनी बोट फिरवलं आणि थांबले. खळगे होते. बोटांचे. वर माझ्या अक्षरातल्या तीन तारखा.

सरांनी विचारलं नाही की कुणी घातलं. त्यांनी मामांचा उजवा हात धरून उलटा केला. अंगठ्याखालची गादी, जी आपल्या सगळ्यांच्या तळहाताला असते, ती मामांच्या तळहाताला नव्हती. बसून गेलेली, खोलगट. ज्या तळव्याने आयुष्यभर प्लास्टरला आकार दिला तो तळवाच उरला नव्हता, म्हणून बोटं लावावी लागत होती. सरांनी आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. "दाबा, मामा."

"दाबतोय, सर," मामा म्हणाले.

सर कधी नव्हे ते सावकाश बोलले. मानेच्या मणक्यांत नस दबत होती, जुनी गोष्ट होती, ऑपरेशन करून हात परत येईल अशी खात्री नव्हती. आता मेडिकल बोर्डाकडे रिपोर्ट जाणार. नुसती मान असती तर वजन उचलायचं नाही एवढ्या अटीवर त्यांना तिथेच ठेवलं असतं. हात गेला म्हटल्यावर प्लास्टर रूम सुटणार, हे शिपायालाही कळत होतं. सर तोंडी सांगत गेले, मी लिहून घेत गेले. मामा स्टुलावर बसून ऐकत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

टाइप करताना मी दोन ओळी गाळल्या. मराठीत सांगायचं तर, 'उजव्या हाताच्या थेनार स्नायूंची झीज. पकड जवळजवळ नाही.' थेनार म्हणजे तीच अंगठ्याखालची गादी. बाकी मान, मणके, दुखणं सगळं नीट टाइप केलं. सर इतके थकलेले असायचे की न वाचता सही करायचे, हे मला माहीत होतं. माझी नोकरी टेम्पररी होती, हेही माहीत होतं. केलं. खोटं सांगणार नाही, त्या मुलीचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. मला मामा हवे होते तिथे, बस.

संध्याकाळी मामा टेबलाशी आले. "दाखव." मी पान दिलं. नजर नेहमीसारखी साध्या शब्दांवरून घसरत गेली. सर्व्हायकल, थांबली. व्हर्टिब्रा, थांबली. पानाच्या तळापर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. वाचता येणारा जो शब्द ते शोधत होते तोच मी काढून टाकला होता.

"थेनार खय गेलो?"

मी टाइपरायटरवर कव्हर घालायला लागले.

"तू माज्यासाठी केलंस. माका कळता गो." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "पण ता चेडू चार रात्री निजला नाय. उद्या आनी एक येतला."

"मग काय करू मामा? तुम्हीच त्या बाईला झोळी बांधून दिली होतीत की! मला नाही सुचत तसलं काही. मी काय करू?"

"झोळी खरी होती," ते म्हणाले.

खिशातून त्यांनी पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि डाव्या हाताने कागदाच्या समासात लिहायला लागले. मी मान फिरवली. तसाच तो कागद सरांच्या टेबलावर गेला. सरांनी समासाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "पुन्हा टाइप करा," एवढंच म्हणाले आणि तो कागद मला परत दिला. माझी नोकरी राहिली, ती त्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून.

मामांना लिनन रूममध्ये टाकलं. चादरींच्या घड्या. पावडर नाही, बादली नाही, त्यामुळे ते दिवसभर काळेच राहायचे. तो जुना विनोदही गेला. सहा महिने काढले त्यांनी तसे. मग एका सकाळी पिशवी घेऊन आले. "जातंय गावाक." मी म्हटलं, थांबा की मामा, दोन वर्षं तर राहिलीत. ते म्हणाले, "हयसर बसान काय करू? तू आता सगळा शिकलंस." मी वाकले, त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. पुन्हा भेट नाही. चार वर्षांनी त्यांच्याच गावचा एक पेशंट आला, त्याने सांगितलं, गेले म्हणून. हात शेवटी पार लुळा पडला होता, पण वाडीत कुणाचं हाड मोडलं की अजून मामांनाच बोलवायचे, असं म्हणाला.

तो पहिला कागद माझ्याकडे आहे. परवा एका हाताने कपाट उपसून काढला. टायपिंगची शाई उडालीय, समासातलं जांभळं तसंच आहे. पुन्हा टाइप करायच्या दिवशी मी त्यातली फक्त ओळ बघितली होती, वेडीवाकडी, 'थेनार' एवढाच शब्द, इंग्रजी अक्षरांत. त्याखाली काय आहे ते बघायची लाज वाटली होती. नीट बघितलं ते मामा गावी गेल्यावर, घरी, दार लावून.

खाली एक हात काढलाय. अंगठ्याखाली खड्डा. त्याखाली, प्लास्टरवर असायच्या तशा, तारखा. दुसरी त्या रिपोर्टच्या दिवसाची आहे. पहिली त्याच्या आदल्या वर्षीची, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाची. मी हसले होते तो दिवस. आणि तिसऱ्या तारखेच्या जागी काही नाही. पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक जांभळा ठिपका आहे फक्त.